‘प्रभारी’ कथेचा हद्दीवरचा पाठ

…नको हो, ती शाल तशीच घडी करून ठेवा, नारळही पिशवीतच राहू द्या, सत्काराला माझी तत्त्वतः हरकत नाही, पण शाल खांद्यावर पडली की माझी मान आपोआप हलू लागते, आणि ती एकदा हलल्यामुळं एका गावाचं काय झालं ते आधी ऐका, मग तुम्हालाच वाटलं तर घाला! तुम्हाला सांगतो, या गोष्टीचे आजवर तीन पाठ माझ्या कानांवर आलेले आहेत. नायगावकडच्या पाठात शाळेतले गणिताचे गुरुजी कचेरीत ओढले जातात, गावकरी शाळेच्या दाराला कुलूप ठोकतात, वर्तमानपत्रात कुलपाचा फोटो येतो आणि गुरुजी परत येतात. औशाकडच्या पाठात कुलूप नाही. तिथं गावातली एक म्हातारी सगळी पोरं घेऊन कचेरीच्या ओट्यावरच शाळा भरवते, पाढे एवढ्या मोठ्यानं म्हणवून घेते की आतल्यांना फोन ऐकू येईनासे होतात, आणि गुरुजी परत येतात. दोन्ही पाठ सुखान्त, सांगणारा शेवटी मांडीवर थाप मारतो. तिसरा पाठ आमच्याकडचा, तेलंगणाच्या हद्दीलगतचा, आणि त्यात गुरुजी परत येत नाहीत… का येत नाहीत? कारण त्या पाठात लोकसाहित्याचा एक अभ्यासक आहे! बाकीच्या दोन पाठांत हे पात्र आढळत नाही. यावरून जे अनुमान काढायचं ते तुम्ही काढा, मी काढलेलं आहे.

गावाचं नाव हुलगेवाडी असं धरून चला. तालुका सांगणार नाही, कारण माहितीदाराची ओळख झाकावी हा आमच्या शास्त्राचा दंडक, आणि इथं मुख्य माहितीदार मीच, तेव्हा झाकण्यात थोडा स्वार्थही आहे. लातूरच्या महाविद्यालयातून निवृत्त झालो आणि सौभाग्यवतींच्या, म्हणजे ज्योत्स्नाच्या माहेरगावी येऊन राहिलो. हवा चांगली, भाजी ताजी, आणि एकाच ओट्यावर मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत भांडणं ऐकायला मिळतात, अभ्यासकाला आणखी काय हवं? तर गावातल्या शाळेला असते शाळा व्यवस्थापन समिती. ती पालकांची, अध्यक्षही पालकच, पण नियमानं तीत एक शिक्षणतज्ज्ञ लागतो. आता हुलगेवाडीत शिक्षणतज्ज्ञ कुठून आणायचा? लोकांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि ज्यानं उभा जन्म ओव्या, उखाणे नि भुताखेतांच्या गोष्टी गोळा करण्यात घालवला तो मी त्यांना दिसलो. गावात मला ‘गोष्टीवाले सर’ म्हणतात. शिक्षण या विषयात मी तज्ज्ञ आहे का? छे! पण हे मी तेव्हा म्हणालो का? तेही नाही. लाजेची सुरुवात इथूनच मोजा.

समितीची अध्यक्ष गुरम्मा. बसथांब्यासमोर तिचं किराणा दुकान, नवरा महांतेश हैदराबादकडं टँकर चालवतो, कधीमधी येतो, आणि घरात ती आणि लेक मंजुश्री, दोघीच. गुरम्मा स्वतः आठवीत शाळेबाहेर पडली. का पडली, तर त्या वर्षी शाळेत गणिताला कोणी नव्हतं, ती नापास झाली, आणि बापानं म्हटलं, बस आता गल्ल्यावर. हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नाही हो. गूळ तोलता तोलता सांगते, जसं एखादी बाई सांगेल की त्या साली आमच्याकडं चिंचा आल्या नाहीत. पण मंजुश्री आता सातवीत, पुढं आठवी. आणि लेकीची आठवी गणिताच्या मास्तराशिवाय जाऊ द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट त्या बाईनं आयुष्यात ठरवून मागितली… एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळा फापटपसारा आहे.

आणि मास्तर होता की! देविदास सर. सहावी ते आठवीचं गणित नि विज्ञान. हा माणूस समीकरण शिकवायला गुरम्माच्या दुकानातला तराजू उचलून न्यायचा. एका पारड्यात गुळाचा खडा आणि वजन, दुसऱ्यात नुसती वजनं, आणि मग इकडून एक काढलं तर तिकडूनही काढायचं, शेवटी गुळाचा खडा एकटा उरला की त्याची किंमत कळली. गुळाचा खडा म्हणजे क्ष! तराजू शाळेत गेला की गिऱ्हाईक खोळंबायचं, पण गुरम्मा एका शब्दानं कुरकुरली नाही, उलट शाळेच्या खिडकीशी येऊन उभी राहायची, आणि एकदा मला म्हणाली की सर, मला वाटलं होतं क्ष म्हंजी लई काही असंल.

असा मास्तर. आणि त्याचा गुन्हा काय? त्याला संगणक येत होता. तालुक्याच्या कचेरीत कारकुनांच्या खुर्च्या रिकाम्या, वरून रोज नवी माहिती मागवली जाते, किती मुलं, किती मुली, किती नळ, त्यातले चालू किती, आणि ती भरायची यंत्रावर. तेव्हा देविदास सरांना बोलावणं आलं, प्रतिनियुक्तीवर, तात्पुरतं. तात्पुरतं! मंडळी, लोककथेत कालगणना सैल असते हे मला ठाऊक आहे, राजपुत्र क्षणभर झोपतो आणि युगं उलटतात, पण त्या वाङ्मयप्रकारातसुद्धा ‘तात्पुरतं’ या शब्दाइतका लांब शब्द मला सापडलेला नाही.

बरं, मग परत कोण पाठवणार? इथं आमच्या शास्त्राचा आधार घ्यावा लागतो. साखळीकथा नावाचा एक प्रकार आहे: काठी काही बोक्याला मारीना, विस्तव काही काठीला जाळीना, पाणी काही विस्तव विझवीना, असं एकातून एक. तालुक्याचं शिक्षण खातं हा या प्रकाराचा अतिशय शुद्ध नमुना आहे. तालुक्याचा मुख्य म्हणजे गटशिक्षणाधिकारी. ती खुर्ची रिकामी, तिचा प्रभार एका विस्तार अधिकाऱ्याकडं. विस्तार अधिकारी वरच्या खुर्चीत गेला म्हणून त्याचं टेबल रिकामं, त्याचा प्रभार एका केंद्रप्रमुखाकडं. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळा मिळून त्यांच्यावर देखरेख करणारा; तो टेबलाशी अडकला म्हणून त्याचं केंद्र आमच्या भीमाशंकर गुरुजींकडं. आणि भीमाशंकर गुरुजी तरी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आहेत का? आहेत, पण प्रभारी आहेत! मूळचे ते तिसरीचे वर्गशिक्षक. ते केंद्रातल्या शाळा हिंडत असले की तिसरीवर चौथीच्या बाई, बाई तिसरीवर गेल्या की चौथीवर सातवीचा एखादा शहाणा पोरगा… आणि सातवीचं गणित? तिथं वर्गप्रमुख मंजुश्री. ती फळ्यावर उदाहरण लिहायची, सगळे बघायचे, तीही बघायची, आणि तास संपला की पुसायची. वरून निघालेला प्रभार एकेक पायरी उतरत त्या पोरीपर्यंत आला, आणि तिच्याखाली द्यायला कोणी उरलं नाही म्हणून तिथं थांबला. हे सगळं जिल्ह्याच्या कागदावर कसं दिसतं, ठाऊक आहे? पूर्ण! एकही काम बिनमाणसाचं नाही. कोणत्याही दारात जाऊन विचारा, साहेब आहेत का? आहेत, पण प्रभारी आहेत.

गुरम्मा भीमाशंकर गुरुजींकडं गेली. त्यांनी स्टूल दिलं, पाणी दिलं, म्हणाले बाई, मला त्यांना बोलावायचा हक्क न्हाई, म्या तर इथं नावापुरता, मलाच कोणी सोडवून नेलं तर उपकार होतील. मग बैठक भरली. शाळेच्या व्हरांड्यात, दुपारची खिचडी झाल्यावर, भांड्यांचा आवाज ओसरल्यावर. आणि त्या बैठकीत, मंडळी, गुरम्मानं जे मांडलं ते ऐकून माझ्यातल्या अभ्यासकाच्या अंगावर रोमांच उभे राहिले. रोमांच! ज्या जागी माणसाला काळजी वाटायला हवी त्या जागी मला रोमांच उठले, याचीच तर लाज.

ती म्हणाली, म्या बघून राहिले, साधा मास्तर असला की त्याला कोणीबी उचलून नेतं, पण जो प्रभारी असतो त्याला कोणी हात लावत न्हाई. जुने मुख्याध्यापक सायकलवर यायचे, हे प्रभारी मोटारसायकलवर येतात, दोन फोन वाजतात. जुना सायेब गावात उतरून चहा प्यायचा, प्रभारी सायेबाला जीपमधून उतरायला सवड न्हाई. म्हंजी मोठं कोण? कोणीतरी शंका काढली की शब्दाचा अर्थ तसा असेलच कशावरून, तर ती वळली माझ्याकडं. “सर, आचार्य मोठा का प्राचार्य मोठा?” मी म्हणालो, प्राचार्य. “मंग भारी मोठा का प्रभारी?”

आता काय बोलता! याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शब्दाचं मूळ ठाऊक नसताना समाज त्याला आपल्या अनुभवातून अर्थ देतो, आणि तो असा बांधेसूद देतो की व्याकरणानं हात जोडावेत. या प्रक्रियेवर मी व्याख्यानं दिली आहेत, जुनी उदाहरणं घोळवून घोळवून दिली आहेत, आणि इथं ती प्रक्रिया माझ्या डोळ्यांसमोर, जिवंत, खिचडीच्या वासात घडत होती! सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, शिक्षणतज्ज्ञ काय म्हणतात? शिक्षणतज्ज्ञ मनातल्या मनात नोंद करत होते. उत्पन्न होणाऱ्या अर्थात अभ्यासकानं ढवळाढवळ करू नये, निरीक्षण करावं, असा संकेत आहे. मी निरीक्षण केलं. ठरलं की देविदास सरांना आपल्या शाळेचा प्रभारी करून मागायचं; प्रभारी झाले की कोणी उचलणार नाही, आणि भीमाशंकर गुरुजींचाही भार हलका. युक्ती वाईट नव्हती, तुम्हाला सांगतो! ‘आपल्या शाळेचा’ हे दोन शब्द जागेवर राहते तर युक्ती चाललीही असती कदाचित.

निघालो. काळीपिवळीत मागच्या बाकावर गुरम्मा, मंजुश्री आणि मी, पुढं कोंबड्यांची पाटी. दुकानाला त्या दिवशी कुलूप. गुरम्मानं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, कपाळाला विभूतीची बारीक रेघ. कचेरीच्या दारात शिपायाला विचारलं, साहेब आहेत का? त्यानं तंबाखू गालात सरकवली आणि शांतपणे म्हणाला, “आहेत, पण प्रभारी आहेत.” गुरम्मानं माझ्याकडं अशा अभिमानानं पाहिलं… म्हणजे बघा, पहिल्या दारातच मोठा माणूस गाठ पडला!

आत कोण असावा? वैजनाथ! लातूरला माझ्या वर्गात खिडकीशी बसायचा, वासुदेवाच्या गाण्यांवर निबंध लिहिला होता त्यानं, बरा लिहिला होता. तो विस्तार अधिकारी, सध्या गटशिक्षणाधिकाऱ्याच्या खुर्चीत. मला पाहून उठला, पाया पडला, कचेरीला हाक मारून गोळा केलं की हे आमचे सर, यांच्यामुळं मी घडलो. आणि कपाट उघडलं. त्या कपाटात, मंडळी, शालींची चळत होती. जिथं जाईल तिथं याला घालतात, मग आलेल्याला हा घालतो, शाली तालुकाभर फिरत असतात, कोणाच्या अंगावर त्या मुरत नाहीत. एक निघाली, माझ्यावर पडली, नारळ हातात आला, फोटो झाला, चहा आला, वैजनाथ माझ्या एका जुन्या व्याख्यानाबद्दल बोलू लागला, मी त्यात भर घालू लागलो, तो म्हणाला सर अजून तसेच बोलता, मी म्हणालो छे छे… आणि गुरम्मा कुठं होती? दाराशी. मंजुश्रीचा हात धरून. उभी. किती वेळ उभी होती हे मला सांगता येत नाही, कारण मी पाहिलंच नाही. लोकसाहित्याचा अभ्यासक, ज्याचं आयुष्य अशा बायांचं ऐकण्यावर चाललं, तो शाल पांघरून स्वतःचं ऐकवत बसला होता.

आणि कोपऱ्यात, संगणकाशी, देविदास सर. ते उठले नाहीत. मान यंत्रात. मंजुश्रीनं पाहिलं त्यांना, त्यांनी तिला पाहिलं, आणि पुन्हा मान यंत्रात. मी फोटोसाठी त्यांनाही बोलावलं होतं, ते आले नव्हते.

शेवटी वैजनाथचंच लक्ष गेलं. म्हणाला, मावशी, तुमचं काय काम? गुरम्मा पुढं आली. बैठकीत ठरलेलं बोलायचं होतं, पण एवढी माणसं, शाल, फोटो, मोठी खुर्ची, आणि वाक्य अर्धंच निघालं.

“सायेब, आमच्या देविदास सरांला प्रभारी करा. दुसरं काही मागनं न्हाई.”

वैजनाथ थबकला. लोक त्याच्याकडं येतात ते मास्तर परत मागायला, नाहीतर मास्तर हटवा म्हणायला. मास्तराला कचेरीत आणखी वर चढवा असं मागणारं गाव त्यानं आजवर पाहिलं नसावं. चेहरा खुलला. त्याला तर हवंच होतं! केंद्र रिकामं, भीमाशंकर गुरुजी रोज सुटका मागतात, देविदाससारखा कामाचा माणूस हाताशी, फक्त गाव ओरडेल ही भीती, आणि इथं गावच स्वतःहून… पण माणूस सरळ आहे हो, खात्री करून घ्यावी म्हणून तो माझ्याकडं वळला.

“सर, तुमचंही हेच म्हणणं आहे ना?”

आता थांबा. या क्षणाशी जरा थांबू या. खोलीत चार माणसं माझ्याकडं पाहत होती. वैजनाथ उत्तराची वाट पाहत होता. गुरम्मा आधारासाठी पाहत होती. मंजुश्री नुसतीच पाहत होती. आणि देविदास सरांनी मान वर करून, अगदी थोडी, डावीउजवीकडं हलवली. नाही म्हणून. मी ती पाहिली! पाहिली, आणि मला वाटलं, काय विनयी माणूस, पदाला संकोचतो! मला फक्त एवढं म्हणायचं होतं की प्रभारी, पण आमच्या शाळेत. एवढंच. आणि मी काय विचार करत होतो? मी विचार करत होतो की त्या बाईनं ‘प्रभारी’ हा शब्द केवढ्या भक्तीनं उच्चारला, ‘भा’ किती लांबवला, आणि माहितीदाराच्या वाक्यात आपण शब्द घालू नयेत, वाक्य जसं आलं तसं राहू द्यावं. मंडळी, शाल खांद्यावर होती. मी मान हलवली. वरखाली.

काळीपिवळीतून परत येताना गुरम्मा खूश. थांब्यावर उतरल्या उतरल्या कुलूप काढून तिनं बत्ताशांची बरणी उघडली, येईल त्याच्या हातावर बत्तासा. ज्योत्स्नानं मला दारात पाहिलं, शालीकडं पाहिलं, म्हणाली, काम झालेलं दिसतंय. मी म्हणालो, झालं. तिनं विचारलं, तुमचं की त्यांचं?

हुकूम निघाला. सुट्ट्यांच्या तोंडावर. देविदास सर प्रभारी केंद्रप्रमुख, आणि कचेरीतलं काम आहे तसं चालू. भीमाशंकर गुरुजी पेढे घेऊन माझ्याकडं आले, डोळ्यांत पाणी, म्हणाले सर तुमी नसता तर म्या केंद्राखालीच मेलो असतो. मी तो पेढा खाल्ला. न खाऊन काय करता? आणि दोन दिवसांनी संध्याकाळी गुरम्मा आली. ओट्यावर बसली नाही, खांबाशी उभी राहिली. म्हणाली, सर, ते प्रभारी झाले म्हंतात. मंग आले कामून न्हाई?

मग मी तिला शब्दाची फोड करून सांगितली. सांगणं भागच होतं. प्रभार म्हणजे वाहायचं ओझं. ज्या खुर्चीला माणूस नाही तिचं ओझं दुसऱ्या कोणावर टाकतात, तो प्रभारी. खुर्ची त्याची नसते, ओझं त्याचं असतं. भारी या शब्दाशी त्याचा… म्हणजे मूळ एकच, पण अर्थ निराळा. मी नीट सांगितलं, उदाहरणं देऊन सांगितलं, मला छान सांगता येतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, आवाज न चढवता, जसं एखाद्या गिऱ्हाइकाला विचारावं की सुट्टे आहेत का.

“हे तुमाला त्या दिशी म्हाईत होतं का?”

मी म्हणालो, हाव.

ती गेली. आतून ज्योत्स्ना आली, चहा ठेवला, आणि म्हणाली, गोष्ट ऐकताना हुंकार द्यायची सवय तुमची, पण जिथं गोष्ट चाललेली नसते तिथं तरी हुंकार देत जाऊ नका हो. संसारात मला अनेक टोमणे मिळाले आहेत, त्यांचं वर्गीकरणही करून ठेवलं आहे, पण हा कुठल्या वर्गात घालावा ते अजून ठरलेलं नाही.

मी स्वस्थ बसलो असं समजू नका. वैजनाथकडं गेलो, शाल घरी ठेवून. शिपाई म्हणाला, साहेब नाहीत. मी म्हणालो, प्रभारी का होईना, आहेत ना? तो म्हणाला, ते प्रभारी साहेब बदलून नांदेडला गेले, आता दुसरे आहेत. कसे आहेत? आहेत, पण… कळलं, म्हणालो, कळलं. दुसऱ्यांना मी सगळी हकीकत सांगितली, शब्दाच्या व्युत्पत्तीपासून. त्यांनी गंभीरपणे ऐकलं आणि विचारलं की म्हणजे गावानं मागितलं, तुम्ही दुजोरा दिलात, आम्ही दिलं, आणि आता गावाला नको आहे? हे वाक्य, तुम्हाला सांगतो, तर्कदृष्ट्या निर्दोष होतं.

जून उजाडला. शाळा उघडली. पहिल्या आठवड्यात केंद्रप्रमुखांची भेट असते, तशी झाली. जीप आली, आणि जीपमधून उतरले देविदास सर. गावानं काय करावं? हार आणला होता हो! कोणीतरी फळ्यावर रंगीत खडूनं ‘प्रभारी साहेबांचे हार्दिक स्वागत’ असंही लिहिलं होतं. पोरं धावत येऊन बिलगली, मग हार पाहून मागं सरली. सरांनी हार घालून घेतला, पण त्यांचं तोंड… मी लोकनाट्यात पुष्कळ मुखवटे पाहिले आहेत, पण आपलं खरं तोंडच मुखवट्यासारखं घालून आलेला माणूस पहिल्यांदा पाहिला.

बैठक झाली. किती मुलं, किती मुली, किती नळ. आठवीला गणिताचे शिक्षक? सर स्वतःच्या अक्षरात ‘नाहीत’ असं टिपून घेत होते, आणि लेखणी त्या शब्दाशी जरा अडली. मी समितीच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो, ती मान आता कोणत्याच दिशेला हलणार नाही असा निश्चय करून. तेव्हा गुरम्मा उठली. तिनं आधी नीट विचारून घेतलं की केंद्रात कुठं मास्तर कमी पडला तर दुसऱ्या शाळेतून कोण धाडतं. सर म्हणाले, केंद्रप्रमुख धाडतात. मग तिनं मागणं मागितलं, आणि या वेळी वाक्य पुरं केलं.

“मंग सर, तुमीच तुमाला आमच्या शाळेत पाठवा.”

व्हरांड्यात कोणी हसलं नाही. भीमाशंकर गुरुजींनी खोकल्यासारखं केलं. देविदास सरांनी गळ्यातल्या हारातली झेंडूची एक पाकळी काढून टेबलावर ठेवली, मग दुसरी.

“गुरम्माताई, मला तेवढा हक्क न्हाई,” ते म्हणाले. “मी केंद्रप्रमुख हाय, पण प्रभारी हाय.”

ती म्हणाली, हाव, सरांनी मला अर्थ सांगितला हाय त्याचा. आणि तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं मला कधी कधी.

सर उठले, हार काढला आणि सरळ आठवीच्या वर्गात गेले. खडू घेतला. आम्ही सगळे खिडकीशी. त्यांनी एक समीकरण लिहिलं, पोरं पुढं सरकली, मंजुश्री तर उभीच राहिली, आणि सर म्हणाले, आता दोन्हीकडून काय काढायचं? कोणी उत्तर द्यायच्या आत खिशात फोन वाजला. कचेरीतून. तालुक्याची कसलीशी माहिती अडली होती, दुपारपर्यंत पाठवायची होती, आणि ती यंत्रात कशी घालायची ते त्यांच्याशिवाय कोणाला येत नव्हतं. त्यांनी खडू टेबलावर ठेवला. जीप वळून गेली.

आता शेवट. नायगावच्या पाठात इथं कुलूप येतं, औशाच्या पाठात म्हातारी येते. आमच्या पाठात दुसऱ्या दिवशी सकाळी गुरम्मा शाळेत आली आणि तिनं मंजुश्रीचा दाखला मागितला. नांदेडला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली होती, तिथल्या शाळेत गणिताला मास्तर होते. मी तिथंच होतो, समितीचा सदस्य म्हणून. भीमाशंकर गुरुजींनी दाखला भरायला घेतला. नाव, जात, जन्मतारीख, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. मग त्यांनी चष्म्यावरून पाहून विचारलं की शाळा सोडण्याचं कारण काय लिहू.

गुरम्मा म्हणाली, “लिवा की, पालकाची इच्छा.”

त्यांनी तसं लिहिलं. अकराच्या गाडीनं मायलेकी नांदेडला गेल्या.